शेजारी कुणी पाहिला?

दिवाळीच्या पहाटे हल्ली गावोगाव गाण्यांच्या मैफली होतात. अभ्यंगस्नान आटोपून, कानात अत्तराचा फाया घालून, नव्या कपड्यांची मंडळी खुर्च्यांवर येऊन बसतात, आणि कार्यक्रम रंगात आला की गायिका 'लखलख चंदेरी' सुरू करते. टाळ्या पडतात. मागच्या रांगेतल्या मावश्यासुद्धा ठेका धरतात. शांताराम आठवल्यांचे शब्द आणि मास्टर कृष्णरावांची चाल. दिव्यांच्या सणाला याहून शोभणारे दुसरे गाणे मला तरी ठाऊक नाही. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणालाही हळूच विचारून पाहा की, बाबा रे, हे गाणे कुठल्या चित्रपटातले? तो आपल्या शेजारच्याकडे बघेल, आणि तो शेजारचा त्याच्या शेजारच्याकडे. उत्तर त्यांच्या त्या बघण्यातच आहे, पण ते कुणाच्या तोंडी येत नाही.

'शेजारी' हा चित्रपट पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९४१ साली काढला. आपण त्यातले गाणे तेवढे उचलले आणि चित्रपट सोडून दिला. पोळीवरचे तूप चाटावे आणि पोळी परत पाठवावी, तसा हा प्रकार झाला. माझे भांडण या गोष्टीशी आहे, आणि ते मुख्यतः माझ्याच प्रांताशी, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाडाशी आहे. पुणे-मुंबईची मंडळी हा चित्रपट विसरली तर मी त्यांना दोष देणार नाही. आपण विसरलो, ते मात्र मला खपत नाही.

कारण साधे आहे. 'शेजारी'ची कथा लिहिली विश्राम बेडेकरांनी. त्यांचा जन्म अमरावतीचा, १९०६ सालचा. त्यातला मिर्झा उभा केला गजानन जागीरदारांनी. त्यांचाही जन्म अमरावतीचाच, १९०७ सालचा. एका गावात एका वर्षाच्या अंतराने जन्मलेली ही दोन माणसे पुढे पुण्याला एका चित्रपटात एकत्र येतात, आणि तो चित्रपट कशावर, तर शेजारधर्मावर. एवढा योग दुसऱ्या एखाद्या गावाच्या वाट्याला आला असता, तर त्या गावाने वर्षाला एक उत्सव भरवला असता. आपल्याकडे चित्रा चौक आहे, प्रभात चौक आहे, चित्रपटगृहांची नावे रस्त्यांना कायमची चिकटली आहेत. अकोल्यात अजून पत्ता सांगताना माणेक टॉकीजचे नाव निघते. सी.पी. अँड बेरार हा चित्रपटधंद्यातला एक स्वतंत्र इलाखाच होता आणि त्याच्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत होत्या. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या येथून कुठल्या कुठे जात. म्हणजे चित्रपटाचे वेड आपल्याला नव्हते असे म्हणायची सोय नाही. वेड होते आणि आहे. फक्त पुन्हा पुन्हा काय पाहावे, याचे तारतम्य आपण गमावले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. एका गावात एक पाटील आणि एक मिर्झा असे दोन वृद्ध शेजारी असतात. मैत्री सख्ख्या भावांसारखी. त्या गावाजवळ धरण बांधायला एक बडा कारखानदार येतो. त्याला जमिनी पाहिजेत, आणि हे दोघे एकत्र आहेत तोवर गाव त्याला दाद देत नाही. मग तो दोघांमध्ये वितुष्ट पाडतो. दोन माणसांची फूट दोन घरांची होते, दोन घरांची दोन जमातींची. शेवटी धरण फुटते, आणि त्या लोंढ्यात हे दोन म्हातारे एकमेकांचा हात धरून जातात. इतकेच. मराठीत पाटील झाले होते केशवराव दाते. 'कुंकू'तला तो म्हातारा नवरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना दाते काय चीज होते हे सांगायला नको.

आता आपण खरोखर पुन्हा पुन्हा काय पाहतो ते बघू. सणाच्या दिवशी फराळाची ताटली मांडीवर घेऊन घरोघर 'अशी ही बनवाबनवी' लागतो. १९८८ सालचा चित्रपट. माझ्या घरी तो माझ्या पुतण्यांना माझ्या कादंबऱ्यांपेक्षा पुष्कळ बरा पाठ आहे, आणि याचे मला वाईट वाटत नाही, कारण चित्रपट झकास आहे. पण तो इतक्यांदा पाहून आपण त्यात पाहिले काय? चार तरुणांना पुण्यात भाड्याने जागा मिळत नाही. घरमालकीण जोडप्यांनाच जागा देणार. म्हणून दोघांना लुगडी नेसून बायका व्हावे लागते. आपण पोट धरून हसतो. हसून झाल्यावर हाच कुटुंबवत्सल प्रेक्षक आपल्या कॉलनीतली वरची खोली भाड्याने द्यायला निघतो, आणि विचारायला आलेल्या तरुणाचे आडनाव ऐकून म्हणतो, "जागा कालच गेली." त्या तरुणाने कोणते लुगडे नेसून यावे, हे मला कुणीतरी सांगावे.

'शोले'चे तेच. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला, त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. वऱ्हाडात असा पानठेला दाखवा की जेथे गब्बरचे बोलणे कुणाला येत नाही. त्याच चित्रपटात एक आंधळा म्हातारा इमाम आहे. त्याचा एकुलता पोर मारला जातो, आणि तरीही तो गावाला वाकू देत नाही. ए. के. हंगल यांचे ते काम. हिंदू वस्तीच्या गावातला तो एक मुसलमान म्हातारा सबंध गावाचा कणा होतो. पन्नास वर्षे पाहणाऱ्यांपैकी किती जण त्या ठिकाणी थबकले? त्या वेळी आपण बिडी ओढायला बाहेर जातो.

तेव्हा पुन्हा पाहणे म्हणजे काय, याचाच निकाल लावला पाहिजे. मी मास्तर आहे, शिक्षण मॅट्रिक. चित्रपटावर लिहिणाऱ्या विद्वानांची परिभाषा मला येत नाही. पण पोरांना धडा दुसऱ्यांदा वाचायला का लावतात, ते मला ठाऊक आहे. पहिल्या वाचनात गोष्ट कळते. दुसऱ्या वाचनात आपण कळतो. जो चित्रपट दहाव्यांदा पाहतानाही आपल्याला काहीच विचारत नाही, तो आपण पाहत नाही, चघळतो. बडीशेपेसारखा. बडीशेप वाईट नाही, पण तिने पोट भरते असे कुणी म्हणू नये.

'शेजारी' मी पहिल्यांदा लहानपणी पाहिला तेव्हा धरण फुटण्याची वाट पाहत बसलो होतो. कोणताही पोरगा दुसरे काय करणार? शांतारामबापूंनी ते फुटणे अंगावर काटा येईल असे दाखवले आहे. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा धरणापेक्षा जमीन दिसली. मोर्शीकडे अप्पर वर्धा धरण झाले. त्यात जमिनी गेलेले शेतकरी २०२३ साली मुंबईला मंत्रालयात जाऊन आंदोलन करीत होते, तेव्हा मला तो कारखानदार पुन्हा आठवला. म्हणजे धरण नको, असे मी म्हणत नाही. वऱ्हाडातल्या माणसाने पाण्याला नको म्हणणे म्हणजे पाप. पण दुसऱ्याची जमीन काढून घ्यायची तर आधी त्याच्या शेजाऱ्याला त्याच्यापासून तोडावे लागते, हे बेडेकरांनी १९४१ सालीच लिहून ठेवले होते.

आणि तिसऱ्यांदा पाहिला तो २०२१ च्या नोव्हेंबरानंतर. त्या महिन्यात अमरावतीत काय झाले ते अमरावतीकरांना मी सांगायला नको. १२ तारखेला मोर्चे, दगडफेक, दुकानांची मोडतोड. १३ तारखेला बंद आणि त्याचे उत्तर. मग संचारबंदी, आणि शहराचे इंटरनेट बंद. दिवाळी होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. पणत्या अजून ओट्यांवरच होत्या. दोन वर्षे जात नाहीत तो १३ मे २०२३ ला अकोल्याच्या जुन्या शहरात तेच. गाड्या जळाल्या, एक माणूस प्राणाला मुकला. निमित्त झाले मोबाईलवरच्या एका मजकुराचे, आणि तो मजकूर त्या वेळी नुकत्याच लागलेल्या एका चित्रपटावरून होता, असे वर्तमानपत्रांत आले. त्या चित्रपटाचे नाव मी येथे घेत नाही. त्याची जाहिरात त्याला पुरेल इतकी झाली आहे.

येथे मला वाचकांना थोडे थांबवायचे आहे. "चित्रपटाने काय होते हो? तो करमणुकीचा मामला," असे जे लोक मला ऐकवतात, त्यांनी अकोल्याचा तो मे महिना समोर ठेवून पुन्हा बोलावे. चित्रपटावरून दगड उचलले जाऊ शकतात, एवढे तरी सिद्ध झाले ना? मग चित्रपट पाहून हातातला दगड खाली ठेवला जाणार नाही, हे इतक्या खात्रीने कशावरून सांगता? जाईलच, असे मीही म्हणत नाही. १९४१ साली 'शेजारी' गाजला, आणि सहा वर्षांनी देशाची फाळणी व्हायची ती झालीच. चित्रपट म्हणजे अंगारा नव्हे. पण नुकसान करण्याची ताकद तेवढी चित्रपटाला आहे आणि भले करण्याची मात्र नाही, हे तर्कशास्त्र मला मॅट्रिकपर्यंत कुणी शिकवले नाही.

माझ्या शाळेतली गोष्ट सांगतो. शाळा अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध, मूर्तिजापूरच्या बाजूला. दंगली आमच्या गावापर्यंत आल्या नाहीत. मोबाईल मात्र आले. आठवीच्या वर्गात बाकांवर पोरे आपोआप वेगळी बसू लागली. कुणी सांगितले नव्हते. मी एक प्रोजेक्टर मागून आणला, खिडक्यांना चादरी बांधल्या आणि 'शेजारी' लावला. पहिला अर्धा तास पोरे कुजबुजत होती, कारण त्यांच्या मते पडद्यावर काही 'होत' नव्हते. मग हळूहळू कुजबूज थांबली. शेवटी चादरी सोडल्यावर एक पोरगा, जो वर्गात कधी तोंड उघडत नाही, तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ते दोघं इतक्या उशिरा काऊन भेटले?"

त्याला मी उत्तर दिले नाही. ते माझ्याने देता येण्यासारखे असते, तर मला चित्रपट दाखवावा लागला नसता.

दुसऱ्या दिवशी गावातले एक वजनदार गृहस्थ आले. म्हणाले, "मास्तर, पोराईले असं काऊन दाखवता? अभ्यास नाही का दुसरा?" मी विचारले, चित्रपटात वाईट काय आहे? ते म्हणाले, वाईट काही नाही, पण हे दिवस असे आहेत, उगीच विषय कशाला काढायचा. हे 'उगीच विषय कशाला काढायचा' मी आयुष्यात इतक्यांदा ऐकले आहे की त्याची मला आता चीड येऊ लागली आहे. विषय आपण काढला नाही म्हणजे तो राहत नाही असे नव्हे. तो दुसरे कुणी काढतात, आणि ते चादरी बांधून काढत नाहीत.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो विचारी माणसांचा आहे. ते म्हणतात, 'शेजारी' भाबडा आहे. त्यात भांडण लावणारा बाहेरून येतो. म्हणजे गाव मुळात निर्मळ आणि पाप काय ते परक्याचे. आपल्या मनातल्या विषाचे काय? आक्षेप बिनतोड दिसतो. पण चित्रपट पुन्हा पाहा म्हणतो तो यासाठीच. भांडण लावणारा बाहेरचा आहे खरा. पण भांडणारे सगळे गावचेच आहेत. काडी एकाने आणली, हे कबूल. कडबा कुणाचा होता? जे गाव एका परक्या माणसाच्या कारस्थानाने दुभंगते, त्या गावात भेग आधीपासून असली पाहिजे. बेडेकर हे तोंडाने सांगत नाहीत. कादंबरीकार आहेत ते. १९३९ साली त्यांनी 'रणांगण' लिहिली, त्यात युरोपातून हाकललेली ज्यू मुलगी बोटीवर भेटते. सबंध खंड माणसांची वर्गवारी करून त्यांना कसे बाहेर काढतो, हे ज्याने लिहिले तोच माणूस दोन वर्षांनी मराठी मुलखातल्या एका खेड्याची गोष्ट लिहायला बसला. त्याला भाबडा म्हणायला धाडस पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, जी मला या चित्रपटाबद्दल सर्वांत आवडते आणि जिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. 'शेजारी' दोनदा पाहण्याची सोय खुद्द प्रभातनेच करून ठेवली आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे कंपनीने तो मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत घेतला. हिंदीतले नाव 'पडोसी'. मिर्झा दोन्हीकडे जागीरदारच. पण हिंदीत दात्यांच्या जागी, म्हणजे हिंदू ठाकुराच्या भूमिकेत, मजहर खान. म्हणजे हिंदू झालेला मुसलमान नट आणि मुसलमान झालेला हिंदू नट समोरासमोर. शांतारामबापूंनी हे मुद्दाम केले. १९४० च्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव होऊन गेला होता, आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या या स्टुडिओत अमरावतीचा एक ब्राह्मण दाढी लावून नमाज पढत होता आणि मजहर खान ठाकूर होऊन त्याच्यासमोर उभा होता. याच्यावर व्याख्याने देण्याची गरज नाही. आज मराठी पाहावा, उद्या हिंदी पाहावा, आणि दोन्ही वेळा जागीरदारांच्या डोळ्यांकडे बघावे. समोरचा माणूस बदलला आहे, मिर्झाचे प्रेम बदललेले नाही. एका नटाच्या चेहऱ्यावर एवढी गोष्ट दुसऱ्या कुठल्या चित्रपटात दिसत असेल तर मला कळवावे, मी तोही पाहीन.

जागीरदारांचे 'रामशास्त्री'ही असेच पुन्हा पाहण्यासारखे आहे, १९४४ चे. गादीवर बसलेल्यालाही न्यायाधीश काय सुनावू शकतो, हे त्यात आहे. आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांवरचा राजदत्तांचा 'देवकीनंदन गोपाला' १९७७ चा, डॉ. लागूंच्या खराट्यासकट. हेही वऱ्हाडातल्या घरी वर्षाला एकदा लागावेत. पण ते पाहताना आपल्याला फक्त मान डोलवावी लागते. संतांपुढे मान डोलवणे सोपे. शेजाऱ्यापुढे अवघड. म्हणून माझा हट्ट 'शेजारी'चा.

जुना आहे, काळापांढरा आहे, आवाज खरखरतो, चाल संथ आहे: सगळे खरे. आजोबाही संथ चालतात, म्हणून त्यांना कुणी घराबाहेर काढत नाही. उलट तो पाहायला मिळतो हेच नशीब समजा. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठारांना आग लागली आणि जुन्या चित्रपटांची कितीतरी रिळे जळून गेली. त्या काळची फिल्म म्हणजे जवळजवळ बारूदच. एकदा पेटली की पाण्यालाही ऐकत नाही. जे वाचले ते वाचले. आज मोबाईलवर शोधले तर 'शेजारी' सापडतो, 'पडोसी'ही सापडतो. तिकीट नाही, रांग नाही. एवढे करून पाहायचा नसेल तर निदान कारण तरी खरे सांगावे. वेळ नाही, हे कारण मी ऐकणार नाही. 'बनवाबनवी'ला अडीच तास मिळतात.

आणि दिवाळीत असले गंभीर कशाला, असे विचारणाऱ्या वहिनींना माझे उत्तर असे की, फराळाची ताटे आपण कुणाकडे पाठवतो? माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत पहिले ताट मोहल्ल्याच्या तोंडाशी राहणाऱ्या खालांकडे जाई, आणि ईदेला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचे भांडे येई. ते भांडे परत करताना रिकामे द्यायचे नाही, हा आईचा दंडक होता. ती प्रथा अजून जेथे टिकली आहे त्या घरांना माझे काही सांगणे नाही. जेथे बंद पडली, तेथे ती कुठल्या वर्षी बंद पडली आणि कुणी बंद केली, याची दिवाळीत बसून आठवण काढणे हे गंभीर असेल तर असो.

आमच्या गावात जिल्हा परिषदेची उर्दू शाळाही आहे. तेथील एक गुरुजी माझे स्नेही आहेत. त्यांनी आपल्या पोरांना 'पडोसी' दाखवला, मी माझ्यांना 'शेजारी'. आता पोरांचा आग्रह आहे की अदलाबदल करा. म्हणून असे ठरवले आहे की, भाऊबीज झाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आमच्या शाळेच्या पटांगणात पडदा लावायचा, आधी मराठी, मग हिंदी. मध्ये चहा. प्रोजेक्टरची सोय झाली आहे. सतरंज्या दोन्ही शाळांच्या मिळून सहाच आहेत, तेव्हा येणाऱ्यांनी बसायला आपापले घरून आणावे, आणि थोडे मोठे आणावे.